आप्पांची हाळी

सुगी आली की माझं नाक आधी जागं होतं. बेळगावच्या या टोकाला आमच्या घरामागं अजून दोन शेतं शिल्लक आहेत, बाकी सगळीकडं प्लॉट पडलेत. दिवाळी सरली की एका सकाळी खिडकीतून कापलेल्या भाताचा वास येतो, थोडा गोड, थोडा ओलसर, आणि हातातलं काम तसंच टाकून मी मागच्या दारी जाऊन उभी राहते. हल्ली कापणीला मशीन येतं. सकाळी भात उभं असतं आणि दुपारच्या चहापर्यंत शेत बोडकं झालेलं असतं. त्या मशीनचा फार आवाज होतो, डोकं उठतं, अशी गल्लीतल्या सगळ्यांची तक्रार आहे. माझी नाही. का नाही, ते पुढं सांगते.

या सुगीला माझी भाची आली, सायली. अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कामात आहे. तिच्या वयाच्या मुली नवीन काय निघालं ते बघतात, ही जुनं काय उरलं ते उकरत बसते. पिशवीतून तिनं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. टॉवेल उलगडला, तर आत अण्णाचा सीडी प्लेअर. मोठ्या बशीएवढा, राखाडी रंगाचा, झाकणाला फिरणारी सीडी दिसावी म्हणून केलेली गोल खिडकी. गावच्या ट्रंकेत तीस वर्षं पडून होता तो. तिनं बेंगळुरात कुणाकडून तरी दुरुस्त करून आणला होता.

"आत्ती, आता तू परीक्षक," ती म्हणाली. "आधी या मशीनवर ऐक, मग तेच गाणं फोनवर ऐक, आणि आवाज कशात चांगला ते सांग. माझे कान मोबाईलनं बिघडलेत. तुझे कान जंगलातले आहेत."

जुन्या मशीनांचा आवाज कसा भरदार असतो, अंगावर येत नाही, हे तिनं मला खूप वेळ समजावलं. खालचे सूर, वरचे सूर, गाणारणीचा श्वास ऐकू येतो का, वाद्यं एकमेकांपासून सुटी वाटतात का, असं सगळं ती वहीत लिहून घेणार होती. मी हेडफोन चढवले. सीडी तीच होती, अण्णानं तेव्हा आणलेली. कुठल्याशा परक्या भाषेत एक बाई गाते आणि मागं आपल्या पेटीसारखं काहीतरी वाजतं. मी ऐकलं, फोनवरही ऐकलं, आणि म्हटलं, "छान आहे."

"कुठलं छान?"

"दोन्ही."

सायलीनं पेन खाली ठेवलं. "आत्ती, असं कसं? पुन्हा ऐक बघू, नीट."

मशीन माझ्या तळहातावर होतं. आतली सीडी फिरत होती आणि तिची बारीक थरथर हाताला लागत होती. ती थरथर सारखी नव्हती, मध्येच जराशी अडखळत होती. ती ओळखीची वाटली आणि मला एकदम आप्पा दिसले, आमच्या पडवीत भिंतीला टेकून बसलेले, कानांवर हेच हेडफोन आणि मांडीवर हेच मशीन.

आमचं गाव म्हणजे नऊ घरं. कॅसलरॉकच्या स्टेशनावर उतरायचं आणि जंगलातून दोन तास चालायचं. वीज नव्हती, रस्ता म्हणावा असा नव्हता. घड्याळ म्हणजे गाडी. घाट चढणाऱ्या इंजिनाची घरघर लांबून ऐकू यायची, त्यावर गावाचं उठणं-बसणं चालायचं. गावात सगळ्यांत आधी गाडी ऐकायचे ते आप्पा, माझे वडील. आम्हाला काही कळायच्या आत ते म्हणायचे, "आली बग. आज माल जास्त हाय, इंजान दमलंय." आम्ही कान टवकारून बसायचो, आणि मग जरा वेळानं आम्हाला ऐकू यायचं.

त्यांच्या कानांना गावात मान होता, कारण त्यांचं कामच कानाचं होतं. भात खळ्यावर आलं की अर्धी सुगी बायकांवर टाकून पुरुष जंगलात लाकूडतोडीला जायचे. तेव्हा उभ्या उभ्या वाळून मेलेली झाडंच तेवढी तोडायची असत. जिवंत झाडापेक्षा मेलेलं झाड वाईट. बाहेरून धड दिसतं आणि आतून पोखरलेलं असतं. असं झाड तोडताना कुठं पडेल याचा नेम नाही, मध्येच फाटतं आणि तोडणाऱ्याच्याच अंगावर येतं. म्हणून पहिली कुऱ्हाड पडण्याआधी एकानं झाड ठोकून बघायचं. आप्पा कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर तीन जागी ठोके द्यायचे, थांबायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "भरीव." किंवा "पोकळ." भरीव म्हटलं की चौघं कामाला लागायचे. पोकळ म्हटलं की झाडाला लांबून नमस्कार. त्या एका शब्दावर चार घरांचे कर्ते पुरुष झाडाखाली उभे राहायचे.

आणि दुसरी रीत होती हाळीची. झाड पडलं की धूळ, पालापाचोळा, कोण कुठं आहे दिसायचं नाही. मग ज्यानं त्यानं आपल्या जागेवरून "होऽऽ" अशी हाळी द्यायची, ठरलेल्या क्रमानं. पहिला, दुसरा, तिसरा, मग चौथी हाळी टोळीचे मुकादम गोपाळकाका यांची, आणि शेवटची आप्पांची. झाड भरीव म्हणून सांगणारा शेवटी बोलणार, त्याच्या हाळीनं हिशेब मिटायचा. ही हाळी जंगलातल्यांपेक्षा आम्हा खळ्यावरच्यांसाठी असायची. आम्ही भाताच्या पेंढ्या फळीवर झोडत असायचो. लांब जंगलात कडाड असं मोडायचं, मग जमीन किंचित हलायची. सगळ्या बायकांचे हात पेंढीसकट वरच्या वर थांबायचे. होऽऽ, एक. होऽऽ, दोन. पाचवी आली की हात खाली यायचे आणि झोडणी जिथं तुटली तिथून पुन्हा सुरू व्हायची. मला लहानपणी वाटायचं, झोडणीत असं मध्ये थांबायचंच असतं, तसा नियमच आहे.

मी अठरा वर्षांची होते त्या सुगीला. खानापूरला मावशीकडं राहून कॉलेज करत होते आणि हात कमी पडतात म्हणून घरी आले होते. त्याच आठवड्यात अण्णा गोव्याहून आला. तो तिथं हॉटेलात स्वयंपाकघरात होता. कुणा परदेशी पाहुण्यानं जाताना त्याला हा प्लेअर देऊन टाकला होता, एका सीडीसकट. गाडीतून मांडीवर घेऊन आणलेलं ते यंत्र त्यानं खळ्यावर पोत्यावर ठेवलं आणि सगळं गाव त्याच्याभोवती जमलं.

रेडिओ आम्हाला ठाऊक होता. रेडिओ म्हणजे सगळ्यांनी मिळून ऐकायचा. हे यंत्र एका वेळी एकालाच ऐकू येतं, यात काहीतरी अप्पलपोटेपणा आहे असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं. रांग लागली. ज्याच्या कानावर हेडफोन चढायचे तो लगेच ओरडून बोलायला लागायचा, आणि बाकीचे हसून लोळायचे. शेजारची म्हातारी पार्वतीआज्जी गळा काढून विचारत होती, "ही बाई रडतिया का गातिया?" आईनं ऐकलं तेव्हा तिचा चेहरा एकदम शांत झाला. हेडफोन काढून ती म्हणाली, "निवडल्याल्या तांदळागत हाय आवाज. एक खडा न्हाई." सायली इंटरनेटवरचं वाचून आवाजाबद्दल पुष्कळ काही सांगते, पण इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

सेल दोन लागायचे आणि भराभर उतरायचे. उतरलेले सेल आम्ही उन्हात, भात वाळत घातलं होतं त्याच्या कडेला ठेवायचो, म्हणजे पुन्हा अर्धा तास बाई गायची. एकदा अण्णानं ते बैलगाडीत ऐकायचा प्रयत्न केला. चाक दगडावरून गेलं की बाईला उचकी लागे आणि तिचं तेच तेच अक्षर परत यायचं. अण्णा म्हणाला, मशीन सपाटीवर ठेवलं तर काही होत नाही, दोष गाडीचा. सगळ्यांनी मान डोलावली. गावाचा निकाल लागला होता, आवाज एक नंबर. फक्त आप्पांनी ऐकायचं राहिलं होतं. ते टाळत होते. आज नको, उद्या बघू, भाताला वारा द्यायचाय, असं चाललं होतं.

एके दुपारी अण्णा ओढ्यावर आंघोळीला गेला होता, आई खळ्यावर होती. मी सूप घ्यायला घरी आले, तर आप्पा पडवीत हेडफोन लावून बसलेले. मला हसूच आलं. लपून ऐकतायत म्हटलं. डोळे त्यांनी झाकणाच्या त्या गोल खिडकीवर लावले होते, आत सीडी चकाकत फिरत होती, आणि एक बोट मांडीवर हळूहळू ताल धरत होतं. मग माझी नजर हेडफोनच्या वायरीवरून खाली गेली. वायरीचं टोक चटईवर पडलं होतं. मशीनला ते लावलेलंच नव्हतं.

मी खाली बसले, टोक उचलून मशीनच्या भोकात घातलं. आता दचकतील म्हणून मी तोंडावर हात घेऊन हसायची तयारी केली होती. ते दचकले नाहीत. बोट त्याच चालीनं चाललं होतं. मी बाजूचं आवाजाचं चाक फिरवलं. अजून फिरवलं. बाहेर मला रातकिड्यासारखी ती बाई ऐकू यायला लागली, आणि आप्पांच्या कपाळावरची एक सुरकुतीही हलली नाही.

मग त्यांनी वर बघितलं. माझ्या तोंडाकडं बघितलं, वायरीकडं बघितलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले. "आईला सांगू नगं, बाय," ते म्हणाले.

"कधीपासनं, आप्पा?" मी विचारलं. त्यांना ऐकू जावं म्हणून नव्हे, पण माझा आवाज आपोआप मोठा झाला.

"वरडू नगं. तुझं तोंड दिसतंय मला." त्यांनी वायर बोटाभोवती गुंडाळली. "दोन सुग्या झाल्या. गाडी पयली गेली. मग पाखरं. माणसाचं बोलणं समोर असलं की कळतंय."

"आणि झाडं?"

त्यांनी आपला उजवा तळहात उलटा करून मला दाखवला, जणू मी तो पहिल्यांदाच बघत होते. "झाड ठोकलं की दांड्यातनं हाताला कळतंय. भरीव झाड दांड्याला झटका मारतंय. पोकळ मारत न्हाई, नुसतं गुदगुल्या करतंय. हात सांगतोय मला."

"आणि हात चुकला तर?"

"अजून चुकला न्हाई."

"गोपाळकाकांना सांगा, आप्पा."

"कान गेला म्हटल्यावर मला कोण झाडापाशी उभं करंल?" ते म्हणाले. आप्पांना दुसरं काही येत नव्हतं असं नाही, भात ते उत्तम करायचे. पण चारजण आपल्या एका शब्दावर कुऱ्हाड उचलतात, हे ज्यानं वीस वर्षं बघितलंय त्याला नुसतं भात कसं पुरणार?

तेवढ्यात अण्णा ओला टॉवेल खांद्यावर टाकून आला. "काय आप्पा, कसा हाय आवाज?"

आप्पांनी मशीन तळहातावर घेतलं, वजन करावं तसं. "आत कायतरी लंगडतंय," ते म्हणाले.

अण्णा इतका हसला की ओढ्यावरच्या बायकांना ऐकू गेलं असेल. परदेशी मशीन लंगडतंय! संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ही गंमत कळली. आप्पाही हसले. मी हसले नाही, आणि आईनं दोनदा विचारलं की तुझं काय बिनसलंय.

त्यानंतरचे दिवस मी कशी झोडणी केली ते माझं मला ठाऊक. गुपित ठेवायला सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा असं गुपित ठेवून बघावं. सांगितलं, तर आप्पांचं असणंच काढून घेतल्यासारखं. नाही सांगितलं, तर चार घरांचा जीव माझ्या जिभेवर. सकाळी गोपाळकाका कुऱ्हाड खांद्यावर टाकून आमच्या दारावरून जायचे, "येतो गं पोरी" म्हणायचे, आणि रोज मी ठरवायची, आज सांगायचं. रोज ते वळणाआड जायचे आणि मी खळ्याची वाट धरायची. जंगलात झाड मोडलं की बाकीच्या बायकांबरोबर माझेही हात थांबायचे, पण त्या पाचवी हाळी आली की सोडून द्यायच्या आणि माझे कान पुढच्या झाडापर्यंत जंगलाकडंच लागलेले असायचे. मला कळत नव्हतं की आप्पा आपली हाळी वेळेवर कशी देतात. ते मला नंतर कळलं. झाड पडायच्या आधीच ते गोपाळकाकांच्या शेजारी जाऊन उभे राहायचे आणि त्यांच्या तोंडाकडं बघायचे.

झोडणी संपत आली होती. शेवटची उडवी मोडायला घेतली होती, म्हणजे भाऱ्यांची जी रास रचून ठेवतात ती. ऊन चढलं होतं. जंगलात झाड मोडलं. मोठं असावं, पायाखाली खळ्याची जमीन चांगलीच हादरली.

होऽऽ.

होऽऽ.

होऽऽ.

होऽऽ. ही गोपाळकाकांची, त्यांचा आवाज जरा फाटका होता.

आणि मग काहीच नाही.

आठ पेंढ्या वर थांबलेल्या. कुणीतरी श्वास घेतला तोही ऐकू आला. गोपाळकाकांनी पुन्हा हाळी दिली, या वेळी जास्त मोठी. पुन्हा काही नाही. त्या क्षणी मला ठाऊक होतं की हे आप्पांना ऐकू न आल्यामुळंही असेल. आणि मला हेही ठाऊक होतं की हात चुकल्यामुळंही असेल. बाकीच्या बायकांना एकच गोष्ट ठाऊक होती. आईच्या हातातली पेंढी खाली पडली आणि ती धावत सुटली. आम्ही सगळ्या तिच्या मागं.

पाय कुठं पडत होते मला आठवत नाही. काटे लागले ते संध्याकाळी दिसले. जंगलात शिरल्यावर धूळच धूळ, आणि आडव्या पडलेल्या झाडाचा डोंगराएवढा पसारा. त्याच्या पलीकडं, बुंध्यापाशी, आप्पा उभे. धड. डोक्यावर पालापाचोळा, तळहात कापलेल्या बुंध्यावर ठेवलेला. पडलेलं झाड मध्ये आलं होतं, गोपाळकाकांचं तोंड त्यांना दिसत नव्हतं. ते शांतपणे धूळ बसायची वाट बघत होते.

आठजणी केस सुटलेल्या अशा धावत येताना बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं?" ते ओरडले. "कुणाला लागलं?"

आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दम लागला होता तिला. तिनं दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर बुक्क्या मारल्या, गावासमोर, जी बाई कधी नवऱ्याचं नाव घेत नव्हती ती. आणि मग तिथंच पाचोळ्यात बसून रडली. गोपाळकाका खोडावर चढून पलीकडं आले. त्यांनी आप्पांच्या पाठीमागं उभं राहून हाक मारली. आप्पा वळले नाहीत. काकांनी पुन्हा मारली. आप्पा आईकडं बघत उभे. मग मात्र सगळ्यांना कळलं, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मी म्हटलं, "मला ठाऊक होतं." ते कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं, नाहीतर मला तिथं उभं राहता आलं नसतं.

"तुला व्हय?" आई पदरानं नाक पुसत म्हणाली. "मला काय ठाऊक न्हवतं व्हय? गाडी ऐकून उठणारा माणूस, त्याला दोन वर्सं मी हलवून उठवतोय." म्हणजे ती तिकडं गप्प, मी इकडं गप्प, आणि मध्ये आप्पा गप्प. एका घरात तीन माणसं एकच गुपित एकमेकांपासून सांभाळत होती.

गोपाळकाका बुंध्यापाशी आले. मला वाटलं, आता ते संतापतील, आणि संतापले असते तर कुणी त्यांना चूक म्हटलं नसतं. ते वाकले आणि कापलेल्या बुंध्यावरून हात फिरवला. आत भोक नव्हतं, चीर नव्हती. कडेपासून मध्यापर्यंत सलग लाकूड. कुऱ्हाडीची पाठ त्यांनी स्वतः एकदा ठोकून बघितली. मग ते आप्पांच्या समोर आले, तोंड नीट दिसेल असे, आणि एकेक शब्द सुटा करून बोलले.

"झाड भरीव हाय, आप्पा. हात चुकला न्हाई तुमचा."

आप्पा खाली बघत होते. काकांनी त्यांची हनुवटी धरून वर केली, लहान पोराची करतात तशी.

"पण चार घरच्या बाया हायत खळ्यावर. उद्यापास्नं ठोका मी ऐकीन, हात तुमी लावा. दोघांचं जुळलं तरच कुऱ्हाड. आनि हाळी तुमची पयली. आमची ऐकत बसू नगा. तुमी द्या, तुमची ऐकून आमी देतो."

एवढंच झालं. कुणी आप्पांना काढून टाकलं नाही, कुणी कीव केली नाही. वीस वर्षांची रीत एका वाक्यात उलटी करून टाकली आणि लोक कुऱ्हाडी उचलून पुन्हा कामाला लागले. दुसऱ्या दिवशी खळ्यावर आम्ही उरलेल्या पेंढ्या झोडत होतो. झाड मोडलं, हात थांबले, आणि सगळ्यांत आधी आप्पांची हाळी आली. गरजेपेक्षा खूप मोठी, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं. आई पेंढीत तोंड लपवून हसत होती आणि डोळे पुसत होती. मागून मग एकेक करून बाकीचे चौघं.

त्याच आठवड्यात सीडी प्लेअर सपाटीवर ठेवला तरी उचक्या द्यायला लागला. गाणं कुठंही अडकायचं, मग पुढं सरकायचं. अण्णानं झाकण उघडून, फुंकर मारून, कापसानं पुसून बघितलं. मग गुपचूप ट्रंकेत ठेवून दिला. आप्पांनी त्याला "मी म्हटलं होतं" असं ऐकवलं नाही. फक्त जाता-येता ते ट्रंकेकडं बघायचे आणि मिशीत हसायचे.

हे सगळं सायलीला सांगायला मला एक चहा पुरला नाही, दोन लागले. आपल्या आजोबांची ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. ती वही मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आत्ती, दुरुस्तीवालाही तेच म्हणाला. आतला फिरणारा दांडा पहिल्यापासून जरासा वाकडा आहे, पूर्ण सरळ होणार नाही म्हणाला. आजोबांना हाताला कळलं?" आणि मग तिनं मशीन पुन्हा माझ्यापुढं सरकवलं. "पण तू आवाजाचं सांगितलंच नाहीस. ऐक ना, शेवटचं."

मी हेडफोन उचलले. आता पुन्हा "छान आहे" म्हणणं फार सोपं होतं. दोन वर्षं मी तेच करत आले आहे. फोनवर लेक बोलते तेव्हा अंदाजानं "हो, हो" म्हणते. भाजीवाला काय म्हणतो ते त्याच्या ओठांवर बघते. कुकरच्या शिट्ट्या ऐकण्याऐवजी घड्याळ लावून मोजते. लग्नाकार्यात सगळे हसले की मीही हसते, अर्धा क्षण उशिरा. कापणीच्या मशीननं माझं डोकं उठत नाही, तेही त्यामुळंच. शाळेत पंचवीस वर्षं पोरांना कान धरून उभं केलं, आणि स्वतःचे कान गेले हे सांगायला मला तोंड नाही. कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात साड्यांखाली आहे. कानात मशीन लावा म्हणतात. लावलं की सगळ्यांना दिसणार. आप्पांना निदान झाडांचं कारण होतं, मला कसलंच नव्हतं. नुसती ऐट.

हेडफोन मी टेबलावर ठेवून दिले.

"सायली," मी म्हटलं, "मला हा आवाज ऐकू येत नाही. खालचा थोडा येतो. वरचा येतच नाही. दोन वर्षं झाली. तुझ्या बापाला माहीत नाही, माझ्या लेकीला माहीत नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय."

तिनं काहीतरी म्हटलं, पण मान खाली होती तिची, मला कळलं नाही.

"तोंड वर करून बोल," मी म्हटलं. "मला तोंड दिसलं पाहिजे."

सायली उठली. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि तोंड अगदी माझ्यासमोर आणलं. मला वाटलं, आता रडेल किंवा डॉक्टरचं नाव विचारेल. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि माझ्या तोंडावर जोरात ओरडली.

"होऽऽ!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. आणि मला ती हाळी सगळी ऐकू आली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.